सहाव्या सिंफनीतला बदली

आमच्या व्हिएन्नात संगीत सर्वांच्या वर आहे. बादशहाच्या वर, चर्चच्या वर, घरातल्या आजारपणांच्या वर. कलेवर इतकी निष्ठा जगातल्या दुसऱ्या कुठल्या शहराची असेल, असं आम्हाला वाटत नाही. म्हणूनच आमच्या वाद्यवृंदात तालमीला स्वतः जायची पद्धत नव्हती.

तालमीला बदली जायचा. पद्धत जुनी आणि साधी होती. खुर्ची ज्याची, त्याची ती मरेपर्यंत. सकाळच्या वेळी त्याला शिकवण्या असतात, यकृताचं दुखणं असतं, वकिलाकडे जायचं असतं. तेव्हा तो आपल्या जागी दुसरा वादक पाठवतो. रविवारी दुपारी मैफल असली की मात्र काळा शेपटीचा कोट घालून स्वतः येतो, आणि बदलीनं कागदावर पेन्सिलीनं ज्या खुणा करून ठेवल्या असतील त्या बघत वाजवतो. खुणा चांगल्या असल्या तर श्रोत्यांना काही कळत नाही. वाईट असल्या तरी कळत नाही. याला आम्ही परंपरा म्हणायचो.

मी दुसरा फागोट वाजवतो. खांबासारखं उभं धरायचं हे लाकडी वाद्य वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही, त्यामुळे त्याला सगळं दिसतं. तरुणपणी दोन वर्षं कायदा शिकलो आणि चष्मा लावतो, एवढ्या भांडवलावर सगळे मला ‘डॉक्टर’ म्हणतात. समितीचा चिटणीसही मीच. वाद्यवृंद आपला कारभार स्वतः पाहतो, मतदान करतो, ठराव करतो. ते ठराव मी लिहितो. माझा हात चांगला आहे.

ओट्टोकार वेर्बिकचं पत्र १९०४ च्या सप्टेंबरात आलं, तेही मलाच.

वेर्बिक मोराव्हियातला. बाप रेल्वे फाटकावर फाटकवाला होता. गाडी यायची वेळ झाली की तो एक छोटं पितळी शिंग वाजवायचा, आणि पोरानं आयुष्यात ऐकलेलं पहिलं संगीत ते. पुढे हा पोरगा संचालक, म्हणजे ‘हेर डिरेक्टर’, झाला. चौदा वर्षांत आठ शहरांतल्या ऑपेरांत हातात छडी घेऊन उभा राहिला, आठही ठिकाणी संगीत सुधारलं आणि आठही ठिकाणांहून त्याला हाकललं. सिंफनी लिहायला उन्हाळ्यात सहा आठवडे मिळायचे. एका तळ्याकाठी नावा ठेवायची लाकडी खोली होती, तिथं बसून लिहायचा. उरलेले शेहेचाळीस आठवडे दुसऱ्यांच्या ऑपेरा बसवायचा आणि चिडायचा.

त्याच्या पहिल्या सिंफनीला लोक हसले. दुसरीला उठून गेले. तिसरी लांब होती, म्हणून उठून गेले, जेवले आणि परत आले. चौथी आमच्याकडे झाली. सहा तालमी घेऊन तो रविवारी मंचावर चढला, तर समोर तेवीस चेहरे त्यानं जन्मात पाहिले नव्हते. भरल्या सभागृहात त्यानं नगारेवाल्याला विचारलं, “आपण कोण?”

“नगारे,” नगारेवाला म्हणाला.

त्या दिवशी काय वाजलं ते मी लिहीत नाही. मीही वाजवत होतो.

पाचवी कुणी घेतलीच नाही. सहावी घ्यायलाही एकही शहर तयार नव्हतं. पण राजघराण्यातल्या एका आर्चडचेसनं कुठंतरी त्याचं एक गाणं ऐकलं, तिला ते आवडलं, आणि तिच्या आवडीमुळे ही सिंफनी पहिल्यांदा वाजवण्याचा मान आमच्या गळ्यात पडला. वेर्बिकनं पत्रात एकच अट घातली होती: बदली एकही नको. मैफलीत जो बसणार, त्यानंच तालमीला बसायचं.

समितीचे अध्यक्ष प्रोफेसर कायेतान हिंटरमायर. वाद्यवृंदातला पहिला हॉर्न तेच वाजवायचे. त्यांनी पत्र वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं.

“डॉक्टर, लिहा त्याला. विचार चालू आहे म्हणावं.”

विचार चालू आहे हे लिहायला मला दोन पानं लागली.

हिंटरमायरबाईंचा शहराबाहेर ग्रिन्झिंगला द्राक्षमळा होता. ऑक्टोबर म्हणजे नव्या वाइनचे दिवस. बागेत बाकं मांडायची, दारावर देवदाराची फांदी लटकवायची, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं, हे सगळं प्रोफेसरसाहेब जातीनं करायचे. तालमीला त्यांचा बदली यायचा, फ्लोरियान कुशेल.

कुशेल एक्कावन्न वर्षांचा होता. बावीस वर्षं हिंटरमायरांचा बदली. या शहरात बावीस वर्षांत नवीन म्हणून जे जे वाजलं ते आधी कुशेलनं वाजवलं होतं, आणि त्याला टाळी एकही पडली नव्हती. तालमीत टाळ्या नसतात. मैफलीत एकदा तरी वाजवावं, ही त्याची इच्छा सगळ्यांना माहीत होती, कारण दर ख्रिसमसला दोन पेले झाले की तो सांगायचा. आम्ही हसायचो. तोही हसायचा.

पहिल्या तालमीला वेर्बिकनं शहाण्णव खुर्च्यांकडे नजर टाकली, हजेरीपट मागवला, आणि एक्केचाळीस बदली मोजले. तो लाल झाला. पण ओरडला नाही. “सुरू करू,” म्हणाला. वय झालं होतं त्याचं. एक्केचाळीस बदली, नाहीतर तालीमच नाही, एवढाच पर्याय होता.

तिसऱ्या भागात हॉर्न एकटाच वाजतो. तीन मिनिटं बाकी सगळे गप्प. कुशेलनं वाजवायला घेतलं, आणि वेर्बिकनं छडी आपटली.

“हॉर्न, रडू नका.”

“मी कुठं रडतोय, हेर डिरेक्टर? तुम्हीच लिहिलंय.”

“काय लिहिलंय?”

“हे काय. ‘दुःखानं’.”

वेर्बिक मंचावरून उतरून त्याच्यापाशी गेला. कुशेलच्या कानामागची पेन्सिल काढून त्यानं तो शब्द इतक्या जोरात खोडला की कागद फाटला.

“गाढवानं लिहिलंय. ऐका. गाडीला उशीर झालाय. येणार की नाही, ठाऊक नाही. फाटकवाला शिंग वाजवतोय, कारण वाजवायची वेळ झालीय. दुःख-बिःख काही नाही त्याला. थंडी वाजतेय.”

कुशेलनं जरा विचार केला. “किती उशीर?”

“काय?”

“गाडीला हो. वीस मिनिटं असेल तर एक वाजेल. बावीस वर्षं असेल तर वेगळं वाजेल.”

मागची माणसं फिस्सकन हसली. वेर्बिक हसला नाही.

“ते तुम्ही ठरवा,” म्हणाला.

सोमवार, मंगळवार, बुधवार तो कुशेलला पिळत होता. गुरुवारी सातव्या तालमीत कुशेलनं ती तीन मिनिटं वाजवली. कशी वाजवली ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि असते तरी ते ठरावात वापरून संपले असते. इतकंच सांगतो की फागोटच्या तोंडाशी एक वेताची पट्टी असते, ती ओली ठेवावी लागते. माझी सुकली. माझी वाजवायची जागा आली आणि गेली, माझ्याकडून फुंकर गेली नाही. वेर्बिक माझ्यावर ओरडला नाही. त्याचंही लक्ष नव्हतं.

“रविवारी असंच,” तो कुशेलला म्हणाला.

“रविवारी मी नसतो, हेर डिरेक्टर. रविवारी हेर प्रोफेसर असतात.”

“तुम्हीच वाजवणार रविवारी. माझी सिंफनी आहे. मी बघतो.”

कुशेल हॉर्नमधलं पाणी झटकत बसला, बराच वेळ. नंतर मला कळलं की तो तिथून थेट मेहुण्याकडे गेला. मेहुणा एका मोठ्या कॉफीगृहात वरिष्ठ वेटर, त्याच्याकडे शेपटीचे दोन कोट. बदलीजवळ असला कोट कशाला असेल? कुशेलची बायको हेर्मिने शिवणकाम करायची. तिनं तो रातोरात उसवून खांद्यात मोठा केला.

आणि वेर्बिक खरोखरच गेला बघायला. घोडागाडी करून ग्रिन्झिंगला गेला आणि नव्या वाइनच्या बाकांमधून वाट काढत, गिऱ्हाइकांसमोर, हिंटरमायरांना म्हणाला, “रविवारी तुम्ही येऊ नका. तुमचा बदली तुमच्यापेक्षा चांगला वाजवतो.”

ही चूक बाहेरचा माणूसच करू जाणे. चांगला वाजवतो हे हिंटरमायरांना ठाऊक नव्हतं असं नाही; बावीस वर्षं उगाच नव्हता ठेवला. पण आमच्याकडे ते बोलायचं नसतं, आणि गिऱ्हाइकांसमोर तर नाहीच.

शुक्रवारी सकाळी समितीची तातडीची बैठक. समिती कसली, सगळा वाद्यवृंदच आला होता. हिंटरमायरांनी खिशातून ते सप्टेंबरचं पत्र काढलं आणि उलगडलं.

“मित्रांनो, हेर डिरेक्टर वेर्बिकांनी एक अट घातली होती. बदली नकोत. सहा आठवडे आपण त्यांना होय की नाही ते कळवलं नाही. ही असभ्यता झाली. मी म्हणतो, अट मान्य करू. उद्यापासून.”

कुणाला काही समजेना. पहिला ओबोवाला म्हणाला, “कायेतान, तुला ताप आहे का? उद्या मला दाढ काढायचीय.”

“उपटून ये मग! दाढ नसली तर तोंड नाही का उरत?” हिंटरमायरांचा गोड आवाज गेला कुठच्या कुठं. “आज माझ्या खुर्चीवर बदली बसला, तर परवा तुझ्या बसेल. ज्यानं तालीम केली त्यानंच वाजवायचं, असा पायंडा त्या वेर्बिकला एकदा पाडू दे. मग बघ कितीजणांच्या खुर्च्या राहतात. उद्या दोन तालमी आहेत. दोन! मरत नाही कुणी.”

आमच्याकडे मतदान घेवड्याच्या दाण्यांनी होतं. पांढरा म्हणजे होय, काळा म्हणजे नाही. ठराव मीच लिहिला. ‘कलेच्या पावित्र्यास्तव’ अशी त्याची सुरुवात होती, आणि त्यात कुशेलचं नाव कुठंही नव्हतं. नाव न घेता माणसाला बाहेर काढायचं, हे कौशल्य कायद्याच्या पहिल्या दोन वर्षांतच शिकवतात. चौऱ्याण्णव पांढरे, दोन काळे.

माझा दाणा पांढरा होता. मलाही खुर्ची आहे.

शनिवारी शहाण्णवच्या शहाण्णव माणसं हजर. शेजारी कोण बसतो ते कित्येकांना नव्यानंच कळत होतं. वेर्बिक आला, मंचावर चढला, आणि त्यानं हॉर्नकडे पाहिलं.

“कुशेल कुठाय?”

“कोण कुशेल?” हिंटरमायर म्हणाले.

“माझा हॉर्न!”

“पहिला हॉर्न मी आहे, हेर डिरेक्टर. इथं बदली बसत नाहीत. कालच ठराव झाला. तुमचीच इच्छा होती. हे तुमचं पत्र. अक्षर सुंदर आहे हो तुमचं.”

वेर्बिकच्या कपाळावरची शीर मला फागोटमागून दिसत होती. “बदमाश आहात तुम्ही. सगळे. चार दिवस मी त्या माणसाबरोबर… तुम्ही तो कागद उघडून तरी पाहिलाय का?”

“पाहिला. फाटलाय. दुसरा मागवला.”

“मी सिंफनी मागे घेतो!”

“घ्या ना. आर्चडचेसना कळवायचं पत्र डॉक्टर लिहून देतील. काय हो डॉक्टर?”

पंच्याण्णव माणसं माझ्याकडे बघत होती. मी पट्टी तोंडात घालून ओली केली. या बाबतीत मी फार काळजी घेतो.

वेर्बिक पन्नाशीचा होता आणि त्याच्या सिंफनीला दुसरं शहर नव्हतं. त्याला हे माहीत होतं. हिंटरमायरांना त्याहून जास्त माहीत होतं. त्यानं समोरची पानं पुन्हा पहिल्यावर आणली. मग म्हणाला, “पहिला भाग,” आणि छडी उचलली.

मधल्या सुट्टीत तो माझ्या दंडाला धरून मला मागच्या जिन्यावर घेऊन आला. माझ्यावर ओरडायचं असावं. पण जिन्याच्या तळाशी कुशेल उभा होता, बगलेत हॉर्नची पेटी. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. कळवायचं काम माझं होतं. मी पत्र टाकलं होतं. टपालाला उशीर झाला, माझा काय दोष.

दरवानानं त्याला वर सोडलं नव्हतं. बावीस वर्षं रोज सलाम करणारा दरवान.

“चला वर!” वेर्बिक म्हणाला. “मी बसवतो तुम्हाला.”

“कुठं बसवता? त्यांच्या मांडीवर?”

“भांडा ना! कसले माणूस आहात तुम्ही? राग येत नाही तुम्हाला?”

कुशेलनं पेटी खाली ठेवली. इतकी वर्षं मी त्याला पाहत होतो, पण त्याचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

“राग? मला विचारता राग? बावीस वर्षं मी त्या माणसाच्या गैरहजेरीवर जगलो. तुम्ही त्याला हजर केलंत! कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मला सोमवार होता, मंगळवार होता. रविवार मी दारू पिऊन मागायचो, शुद्धीत कधी मागितला नाही. तुम्ही म्हणालात, मी बघतो. बघितलंत? परवा रात्री हेर्मिनेनं तो कोट उसवला. मेहुण्याला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, खाटकाला सांगितलं. आता त्या खाटकाला काय सांगू?”

“मी… मी त्यांना नरकात…”

“तुम्हाला राग परवडतो, हेर डिरेक्टर. एक शहर सोडलंत की दुसऱ्यात जाऊन ओरडता. आणि हे,” माझ्याकडे बोट, “हे लिहून घेतात. मी कुठं जाऊ ओरडायला?”

मी म्हणालो, “कुशेल, ठरावाचा मसुदा जरी माझा असला…”

“डॉक्टर, तुम्ही गप्प बसा. तुमचं वाद्यसुद्धा नाकातून बोलतं.”

पेटी उचलून तो गेला. वेर्बिक तिथंच पायरीवर बसला, आणि त्यानं मुठीनं भिंतीवर चारपाच गुद्दे मारले. भिंत दगडी होती. दुसऱ्या दिवशी छडी त्यानं डाव्या हातात धरली, आणि एका समीक्षकाला त्यात नवी संचालनशैली दिसली.

रविवारी सभागृह भरलं होतं. आर्चडचेस उशिरा आल्या. तिसऱ्या भागात हिंटरमायर उभे राहिले. आमच्याकडे हॉर्नवाला उभा राहत नाही, पण ते राहिले. आणि त्यांनी वाजवलं. एक स्वर इकडचा तिकडे नाही. चकचकीत, गोलगरगरीत, आणि अतिशय दुःखानं. नव्या कागदावर ‘दुःखानं’ तसंच छापलेलं होतं. बायकांनी रुमाल काढले. वेर्बिकनं दोन्ही हात खाली सोडले होते आणि तो जमिनीकडे बघत होता.

मागे उभ्यानं ऐकणाऱ्यांच्या गर्दीत मला कुशेल दिसला. तो कोट घालून आला होता. सिंफनीआधीच्या मध्यंतरात एका निवृत्त कर्नलनं आपला ओव्हरकोट त्याच्या हातात दिला आणि एका बाईनं कॉफी कुठं मिळते ते विचारलं. त्यानं ओव्हरकोट नेऊन ठेवला आणि कॉफीची जागा दाखवली. तिसरा भाग ऐकून तो निघून गेला. चौथ्यात हॉर्नला फार काम नाही.

टाळ्या सात मिनिटं पडल्या. वर्तमानपत्रांना सिंफनी लांब वाटली, कर्कश वाटली, परकी वाटली. हॉर्न मात्र सगळ्यांना आवडला. ‘हिंटरमायरांच्या श्वासात मोराव्हियाचे अश्रू’ असं एकानं छापलं. हिंटरमायरांनी ते कात्रण चौकटीत बसवून ग्रिन्झिंगच्या बागेत टांगलं. मोराव्हियात ते कधी गेले नव्हते.

पुढच्या सोमवारी समितीनं ठराव मागे घेतला. द्राक्षांच्या हंगामात तो अव्यवहार्य असल्याचं अनुभवास आलं, असं मी लिहिलं. बदली परत आले. कुशेल सोडून; त्याच्या जागी हिंटरमायरांनी आपला जावई नेमला. कुशेल एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात लागला. लष्करी बँडची पितळी वाद्यं पोचे आल्यावर तिथं येतात, ती ठोकून सरळ करायची.

जानेवारीत वेर्बिकचं पत्र आलं. सिंफनी छापायला जात होती आणि प्रकाशकाला पाठवलेल्या दुरुस्त्यांची एक प्रत त्यानं आम्हालाही धाडली होती. तिसऱ्या भागातला एकट्या हॉर्नचा मजकूर रद्द. तो सगळ्या चेलोंनी एकदम वाजवायचा. खाली सहीच्या जागी फक्त एक ओळ: ‘आता पाठवा कुणाला पाठवायचं ते.’

ते पत्र घेऊन मी कुशेलच्या दुकानात गेलो. का गेलो, ते विचारू नका. त्यानं हात पुसून ते वाचलं. दोनदा वाचलं.

“म्हणजे काढून टाकलं,” तो म्हणाला. “एवढा राग आला की आपलंच काढून टाकलं.”

“हिंटरमायरांना चांगलंच झोंबलंय,” मी म्हणालो.

“झोंबू दे. ते परत वाजवतील दुसरं काहीतरी. मी जे वाजवलं ते तुमच्याशिवाय ऐकलंय कुणी? निदान कागदावर तरी होतं. येणाऱ्या एखाद्या हॉर्नवाल्यानं उघडून पाहिलं असतं.” त्यानं पत्र माझ्या अंगावर फेकलं. “जा, डॉक्टर. दप्तरी लावा.”

आणि त्यानं समोरच्या ट्रॉम्बोनवर हातोडी अशी हाणली की होता त्या पोच्याशेजारी दुसरा पडला असावा.

पत्र मी दप्तरी लावलं. मार्चमध्ये आम्ही सिंफनी नव्या प्रतीवरून पुन्हा वाजवली. चेलोंवर हॉर्नची ती तीन मिनिटं दोन मिनिटं दहा सेकंदांत संपतात.